शंकेलाही कारण लागतं

‘मी फक्त प्रश्न विचारतोय’ हे वाक्य हल्ली टीव्हीवरच्या चर्चेपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. विषय लसीचा असो, मतमोजणीचा असो की चंद्रावर माणूस उतरल्याचा. शंका घेणारा आपोआप चिकित्सक ठरतो आणि उत्तर देणारा भाबडा. दुसरीकडे, कुणी प्रश्न विचारला की ‘संशयाला औषध नाही’ म्हणून त्याला गप्प बसवणारेही आहेतच. एक जण संशयाच्या नावाखाली वाटेल ते नाकारतो, दुसरा संशयाचं नाव घेऊन घाबरवतो. तत्त्वज्ञानात मात्र या विषयाचा कीस दोन हजार वर्षांहून अधिक काळ पडत आला आहे. ग्रीसमध्ये पडला, मिथिलेत पडला, केंब्रिजमध्येही पडला. त्या वादांतून जे हाती लागतं ते या दोघांच्याही फारसं सोयीचं नाही. संशयाविषयीचे सात गैरसमज इथे तपासू.

गैरसमज १ : संशयवादी म्हणजे ‘काहीच कळू शकत नाही’ असं मानणारा.

वस्तुस्थिती : असं मानणाऱ्याला जुने संशयवादी आपल्या पंक्तीला बसवत नसत. प्राचीन संशयवादाची आपल्याला जी माहिती आहे, तिचा मोठा भाग सेक्स्टस एम्पिरिकस या ग्रीक लेखकाच्या ग्रंथांतून येतो. हा इसवीसनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला, पेशाने वैद्य. आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो शोध घेणाऱ्यांचे तीन गट पाडतो. सत्य सापडलं म्हणणारे पहिले, सत्य सापडणं शक्यच नाही म्हणणारे दुसरे आणि अजून शोधतो आहोत म्हणणारे तिसरे. संशयवादी हे नाव तो फक्त तिसऱ्यांना देतो. दुसऱ्या गटाचा ठामपणा त्याला पहिल्या गटाइतकाच खटकतो, कारण ‘काहीच कळत नाही’ हे यांना कुठून कळलं, हा प्रश्न उरतोच.

त्याचं मधाचं उदाहरण पाहण्याजोगं आहे. मध गोड लागतो, हे सेक्स्टस बिनतक्रार मान्य करतो. कावीळ झालेल्याला तोच मध कडू लागतो, असंही तो सांगतो. मग गोडवा मधाच्या मूळ स्वरूपातच आहे का? इथे तो निकाल राखून ठेवतो. म्हणजे अनुभव तो नाकारत नाही. अनुभवावरून पुढे केल्या जाणाऱ्या मोठ्या दाव्यावर सही करायला तो तयार नाही, एवढंच.

गैरसमज २ : मनापासून संशयवादी असलेल्याला जगताच येणार नाही.

वस्तुस्थिती : हा आक्षेप संशयवादाइतकाच जुना आहे आणि त्याच्याभोवती कहाण्याही तेवढ्याच रचल्या गेल्या. संशयवादाचा आद्य पुरुष मानला जाणारा एलिसचा पिऱ्हो सिकंदराच्या स्वारीबरोबर हिंदुस्थानात आला होता आणि इथल्या दिगंबर साधूंना भेटला होता, असं ग्रीक परंपरा सांगते. त्याने स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. त्याच्याविषयी सांगत की तो समोरून येणाऱ्या गाडीला, कड्याला किंवा कुत्र्याला चुकवत नसे आणि मित्र त्याला सांभाळून नेत. पण या गोष्टी नोंदवणारा चरित्रकार डायोजिनीस लेअर्शियस लगेच एनेसिडेमस या संशयवाद्याचं म्हणणंही देतो : पिऱ्हो विचारात निकाल राखून ठेवत असे, वागण्यात बेसावध नसे. शिवाय तो नव्वदीपर्यंत जगला, असंही तोच लिहितो. कड्याकडे डोळे झाकून चालणारा माणूस एवढा जगत नाही.

अठराव्या शतकात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने हाच आक्षेप नव्याने घेतला. पिऱ्होची मतं सगळ्यांनी खरोखर पाळली तर माणसं हातपाय गाळून बसतील आणि जीवनच संपेल, असं त्याने १७४८ सालच्या ग्रंथात लिहिलं. त्याआधीच्या ग्रंथात त्याने स्वतःचीही कथा सांगितली आहे. शंकांनी डोकं भणाणलं की तो जेवायचा, मित्रांबरोबर सोंगट्या खेळायचा, आणि मग त्याच शंका त्याला इतक्या कोरड्या वाटायच्या की पुन्हा त्यांच्याकडे वळायचं मन होत नसे. 

सेक्स्टसने मात्र या आक्षेपाचं उत्तर कितीतरी आधी देऊन ठेवलं होतं. त्याच्या मते संशयवादी चार गोष्टींच्या आधाराने जगतो : इंद्रियं आणि विचारशक्ती ही निसर्गाने दिलेली वाट, तहानभुकेसारखी गरज, समाजाचे कायदे-रीतिरिवाज आणि शिकलेला धंदा. तहान लागली की पाणी प्यायचं. त्यासाठी पाण्याच्या अंतिम स्वरूपाचा सिद्धान्त लागत नाही. हे उत्तर पुरेसं आहे का यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. पण संशयवाद्यांना हा प्रश्न सुचलाच नव्हता, असं कुणी म्हणू नये.

गैरसमज ३ : संशयवाद पाश्चात्त्यांचा. आपल्या परंपरेत शंकेला जागा नाही.

वस्तुस्थिती : हे म्हणणारे बहुधा गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या एका श्लोकाचा दाखला देतात, संशयी माणसाचा नाश होतो, असं सांगणारा. पण तोच अध्याय पुढच्या दोन श्लोकांत संशय कशाने तोडायचा तेही सांगतो : ज्ञानाने. तोंड मिटून बसायला तो सांगत नाही. सहाव्या अध्यायात अर्जुन पुन्हा शंका विचारतोच आणि कृष्ण तिचं उत्तर देतोच.

न्यायदर्शनात तर संशयाला मानाचं पान आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ मोजले आहेत त्यांत प्रमाण (ज्ञानाचं साधन) आणि प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्या पाठोपाठ तिसरा क्रमांक संशयाचा. भाष्यकार वात्स्यायन म्हणतो की जे मुळीच ठाऊक नाही किंवा ज्याचा निकाल लागलेला आहे, त्याच्यासाठी न्याय प्रवृत्त होत नाही. ज्याविषयी संशय आहे त्याच्यासाठीच होतो. म्हणजे संशय नसेल तर चौकशीच सुरू होणार नाही. मात्र नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, तिथेच थांबत नाहीत. संशय कशाकशामुळे उत्पन्न होतो, तेही ते सूत्रात बांधतात. त्यांचं ठरलेलं उदाहरण संधिप्रकाशातल्या खुंटाचं. समोर काहीतरी उभं आहे. उंची खुंटाचीही असू शकते, माणसाचीही. हात-पाय दिसत नाहीत, ढोलीही दिसत नाही. दोन्हींना सारखा लागू पडणारा गुण दिसला, फरक दाखवणारी खूण दिसली नाही, म्हणून ‘खुंट की माणूस’ हा संशय आला. भर दुपारी दहा हातांवर उभ्या असलेल्या माणसाबद्दल तो येत नाही. शंकेलाही कारण लागतं, हे नैयायिकांनी फार पूर्वी ओळखलं होतं.

या परंपरेला टोकाचे संशयवादीही भेटले. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त नैयायिकांना विचारलं : वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात, तर प्रमाणं कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्या साखळीला शेवट नाही. दिवा इतर वस्तूंबरोबर स्वतःलाही उजळतो तसं आहे, असं नैयायिक म्हणत. नागार्जुनाने तेही उत्तर खोडून काढायचा घाट घातला. पुढे आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास जयराशी भट्टाने ‘तत्त्वोपप्लवसिंह’ लिहून प्रत्यक्षासकट सगळ्या दर्शनांच्या सगळ्या प्रमाणांवर हल्ला चढवला. या ग्रंथाची ताडपत्रावरची पोथी १९२६ साली गुजरातेत पाटणला सापडली आणि १९४० साली तो बडोद्याहून छापून निघाला. गंमत अशी की इतकी मोडतोड करून शेवटी जयराशी काय म्हणतो? तत्त्वं उलथली तरी लोकव्यवहार चालूच राहतात. ते ‘अविचारितरमणीय’ आहेत, फार खोदून पाहिलं नाही तोवर छानच. सेक्स्टसच्या तहान-पाण्याच्या उत्तरापासून हे फार दूर नाही.

गैरसमज ४ : देकार्तने सगळ्यावर शंका घ्यायला शिकवलं, म्हणून तो संशयवादी.

वस्तुस्थिती : फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला संशयवाद संपवायचा होता. १६४१ साली लॅटिनमध्ये निघालेल्या ‘चिंतनां’त तो आधी इंद्रियांवर शंका घेतो, मग आपण स्वप्नात तर नाही ना अशी, आणि शेवटी एखादी सर्वशक्तिमान दुष्ट शक्ती आपल्याला सतत फसवते आहे अशी कल्पना करतो. हेतू हा, की इतक्या आचेवरही जे टिकेल ते पक्कं. शंका घ्यायला ‘मी’ तरी असायलाच हवा, हे त्याला सापडलेलं पहिलं पक्कं ज्ञान.

ही शंका ठरवून घेतलेली आहे, हे तो स्वतःच सांगतो. जग आहे आणि माणसांना शरीरं आहेत यावर शहाण्या माणसाने कधी गंभीरपणे शंका घेतलेली नाही, असं तो ग्रंथाच्या सारांशात लिहितो. आणि सहाव्या चिंतनाच्या शेवटी आपल्याच आधीच्या शंकांना हसण्याजोग्या आणि अवाजवी म्हणून बाजूला सारतो. त्याच्या १६३७च्या ग्रंथात तर शंकेचं काम चालू असताना रोज कसं वागायचं याचे तात्पुरते नियम आहेत. पहिला नियम : देशाचे कायदे आणि रीती पाळाव्यात. अभ्यासिकेतली शंका त्याने रस्त्यावर आणली नाही. आज ‘आपण सगळे संगणकातल्या आभासात जगत असू’ असं म्हणणारे त्या दुष्ट शक्तीच्या जागी यंत्र बसवतात आणि देकार्तचं पहिलंच चिंतन वाचून पुस्तक मिटतात. चिंतनं एकूण सहा आहेत.

गैरसमज ५ : शंका खोडता आली नाही, म्हणजे शंका घेणारा जिंकला.

वस्तुस्थिती : इथे संशयवाद्याचं बळ आधी मान्य करायला हवं. प्राचीन संशयवादी अग्रिप्पाच्या नावावर असलेल्या पाचांपैकी तीन युक्तिवादांनी कुणालाही कोंडीत पकडता येतं. तुमची जन्मतारीख तुम्हाला कशी ठाऊक? दाखल्यावर आहे. दाखला बरोबर कशावरून? दवाखान्याच्या नोंदीवरून. ती बरोबर कशावरून? असंच मागे जात राहिलात तर अंत नाही. कुठेतरी ‘आता पुरे’ म्हटलंत तर ते गृहीतक झालं. आणि ‘आई सांगते तीच तारीख दाखल्यावर आहे’ म्हणालात, पण आईनेही ती दाखला पाहूनच पाठ केली असेल, तर वर्तुळ पूर्ण झालं. या तिन्ही वाटा बंद करणारं सर्वमान्य उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

मग शंकेला सीमाच नाही का? यावर आपल्याकडे तीन पंडितांचा जो सामना झाला तो जवळून पाहावा. प्रश्न होता धूर आणि अग्नी यांचा. ‘धूर तिथे अग्नी’ हे आपण पाहिलेल्या ठिकाणांपुरतं ठीक. न पाहिलेल्या देशात, न आलेल्या काळात अग्नीविना धूर नसेल कशावरून? दहाव्या-अकराव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याला दुहेरी उत्तर दिलं. एक, तू ज्या दूरच्या देशाची नि काळाची शंका काढतोस, तो देश-काळ तुला दिसत नाही. तो आहे हे तू अनुमानानेच मानलंस. म्हणजे अनुमानावरची तुझी शंका अनुमानावरच उभी आहे. दोन, शंका व्याघातापर्यंतच जाऊ शकते. तुझी शंका तुझ्याच वागण्याला छेद देऊ लागली की तिथे ती संपली.

बाराव्या शतकात श्रीहर्षाने, ‘नैषधीयचरित’ लिहिणाऱ्याच श्रीहर्षाने, ‘खंडनखंडखाद्या’त उदयनांचीच कारिका घेतली, मोजके शब्द फिरवले आणि तिचा अर्थ उलटा करून परत दिली. व्याघात आहे म्हणता, तर त्याची एक बाजू म्हणून शंकाही आहेच. मग व्याघात शंकेची सीमा कसा ठरेल? वादविवादातली अशी चपराक क्वचितच पाहायला मिळते.

चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त तिचं उत्तर दिलं. तो म्हणतो, शंकेखोराच्या बोलण्याकडे पाहू नका, त्याच्या कृतीकडे पाहा. धूर हवा तेव्हा तो न चुकता विस्तव पेटवतो. पोट भरायचं तर अन्न खातो. दुसऱ्याला समजावं म्हणून शब्द वापरतो, ही शंका मांडतानाही. कार्यासाठी ठरावीक कारणाकडेच वळायचं आणि त्याच कार्यकारणावर शंकाही घ्यायची, हे एका वेळी जमत नाही. इथला विरोध दोन विधानांमधला नाही. शंका आणि शंका घेणाऱ्याचा हात यांच्यातला आहे.

सेक्स्टस या सभेत असता तर म्हणाला असता, ‘मी विस्तव पेटवतो खरा, पण सवयीने, त्याचा सिद्धान्त करत नाही.’ म्हणून वाद इथे कायमचा मिटला असं म्हणता येत नाही. पण एक गोष्ट ठरते. शेवटचा पाया दाखवता येत नाही ही अडचण शंका घेणाऱ्यालाही तेवढीच लागू आहे. ती त्याच्या बाजूचा पुरावा होत नाही.

गैरसमज ६ : पुरावा विश्वास ठेवणाऱ्याने द्यायचा, शंका घेणाऱ्याला काही द्यावं लागत नाही.

वस्तुस्थिती : चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८६८ सालच्या लेखात याला हरकत घेतली. सगळ्यावर शंका घेऊन विचाराला सुरुवात करता येतच नाही, असं त्याचं म्हणणं. आपण जिथे आहोत तिथून, आपल्या असलेल्या समजुतींसकटच निघतो. पुढे एखादी समजूत अडू लागते, तिच्याविरुद्ध काही दिसतं, तेव्हा खरी शंका येते. कागदावर प्रश्नचिन्ह काढल्याने ती येत नाही.

१९३९ साली ब्रिटिश अकादमीतल्या व्याख्यानात तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी श्रोत्यांना आपले दोन हात एकेक करून दाखवले आणि बाह्य जग असल्याचं सिद्ध झालं, असं जाहीर केलं. तत्त्वज्ञ ल्युडविग विटगेनश्टाइनला ही सिद्धता पटली नाही; पण तिने दिलेला प्रश्न त्याला शेवटपर्यंत सुटला नाही. १९५१ साली २९ एप्रिलला तो केंब्रिजमध्ये वारला. यावरच्या टिपणांतली शेवटची नोंद २७ एप्रिलची आहे. त्याने एक विद्यार्थी कल्पिला आहे. शिक्षक काही सांगू लागले की हा मध्येच विचारतो, वस्तू खरंच असतात का? शब्दांचे अर्थ तेच राहतात कशावरून? शिक्षक म्हणतात, मध्ये बोलू नकोस. तुझ्या शंकांना अजून अर्थ नाही. विटगेनश्टाइन शिक्षकाची बाजू घेतो. या मुलाला शंका कशी घ्यायची तेच आलेलं नाही. कपाटात पुस्तक आहे की नाही ही शंका कपाट उघडून मिटते, कारण कपाट, डोळे आणि ‘पुस्तक’ शब्दाचा अर्थ यांवर आपण तेव्हा शंका घेत नाही. दार फिरायचं तर बिजागऱ्या जागच्या जागी राहाव्या लागतात, अशी त्याने उपमा दिली.

मात्र बिजागऱ्याही कायमच्या नसतात, हे त्याच टिपणांनी दाखवून दिलं. चंद्रावर कुणी गेलेलं नाही आणि जाता येत नाही, हे त्याने पक्क्या गोष्टीचं उदाहरण म्हणून लिहिलं होतं. टिपणं पुस्तकरूपाने निघाली १९६९ साली, ज्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला. ती समजूत बदलली ती कुणी नुसतं ‘कशावरून?’ विचारल्याने बदलली नाही. रॉकेटं बांधून, गणितं करून, तिथे जाऊन बदलली.

गैरसमज ७ : शंभर टक्के खात्री नाही, म्हणजे सगळी मतं सारखीच.

वस्तुस्थिती : हा सातांतला सर्वांत महाग पडलेला गैरसमज. प्लेटोच्या अकादमीचा प्रमुख कार्नियाडीझ याने इसवीसनपूर्व १५५ मध्ये रोमला एक दिवस न्यायाच्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी न्यायाच्या विरुद्ध भाषण करून खळबळ उडवून दिली होती. पूर्ण खात्री मिळते हे त्याला मान्य नव्हतं. पण काही गोष्टी कमी-अधिक पटण्याजोग्या असतात, असं तो मानत असे. सेक्स्टसने दिलेलं त्याचं उदाहरण आपल्याला ओळखीचं वाटेल. अंधाऱ्या खोलीत वेटोळं दिसतं. साप! माणूस उडी मारतो. पुन्हा पाहतो तर ते हलत नाही. दोर असेल. पण थंडीत सापही गारठून निपचित पडतात. म्हणून तो काठीने डिवचतो. तरीही हललं नाही, तेव्हा दोर समजून पुढे जातो. आपल्या अद्वैतवाद्यांनी दोर आणि साप जगाचं मिथ्यात्व समजवायला वापरले. कार्नियाडीझला एवढंच सांगायचं आहे की खात्री नसली तरी तपासाच्या पायऱ्या असतात आणि तिसऱ्या पायरीवरचं मत पहिल्या पायरीवरच्या मताच्या बरोबरीचं नसतं.

विसाव्या शतकात तपासाच्या पायऱ्यांचं हेच सिगारेटच्या बाबतीत घडलं. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावर शंका घेतली : सिगारेटची ओढ आणि कर्करोग या दोन्हींच्या मुळाशी एखादं आनुवंशिक कारण असेल. ही शंका पोकळ नव्हती. काय तपासायचं ते ती सांगत होती. म्हणून तिला उत्तरही मिळालं. १९५९ साली जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण नऊपट असेल, तर ते एकट्याने घडवून आणणारं छुपं कारणही त्यांच्यात निदान नऊपट आढळायला हवं. तसं काही कुणाला दाखवता आलं नाही.

तंबाखू कंपन्यांना उत्तर नको होतं. जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन ‘तज्ज्ञांत अजून एकमत नाही’ असा सूर लावला. १९६९च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर शंका हाच आपला माल असल्याचं सरळ लिहिलं होतं. फिशर चुकले, पण त्यांची शंका तपासता येण्याजोगी होती. कंपन्यांची शंका कुठल्याही पुराव्याने मिटू नये, अशीच घडवलेली होती.

यातून निघतं ते एवढंच. तर्क आपल्याला अंतिम खात्री देऊ शकत नाही, हे संशयवाद्यांचं म्हणणं अजून खोडलं गेलेलं नाही, आणि ज्ञानाचा ताठा उतरवायला ते हवंच. पण त्यावरून समोरचा पुरावा फेकून द्यायचा परवाना मिळत नाही. तेव्हा यापुढे कुणी ‘मी फक्त प्रश्न विचारतोय’ म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका. तीन प्रश्न उलट विचारा. ही शंका कशामुळे आली? काय दाखवलं तर ती मिटेल? आणि तू स्वतः त्या शंकेप्रमाणे वागतोस का? तिन्हींची उत्तरं असतील, तर शंका मनावर घ्या आणि तपासाला लागा. एकाचंही उत्तर नसेल, तर तिथे आपला वेळ घालवू नका.